रघोजी भांगरे तिरकामठ्यामुळे हरले म्हणे!

घाटमाथा_ठाणे
२ मेपासून एक पोस्ट फिरतेय. १८४४-४५ च्या महादेव कोळ्यांच्या बंडाचे पुढारी रघोजी भांगरे यांना १८४८ साली याच तारखेला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली, त्यावरची. मजकूर थोडक्यात असा: डोंगरातले आदिवासी शूर होते, पण बिचारे तिरकामठे म्हणजे धनुष्यबाण घेऊन बंदुकांसमोर उभे राहिले म्हणून हरले, आणि तसंही त्यांचं भांडण सावकाराशी होतं, इंग्रजांशी नव्हतं. खाली बदामांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून लिहितोय, लांबेल.

आधी ते ‘बिचारे’ काढा. अकोले-जुन्नर पट्ट्यातल्या महादेव कोळ्यांच्या नाईकांकडे पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्यांची आणि घाटवाटांची राखण होती. राखणदाराच्या घरात तोड्याची (पेटत्या वातीने उडणारी) बंदूक आणि तलवार नसेल तर कुणाच्या असेल? १८१८ नंतर इंग्रजांनी या किल्ल्यांवरची शिबंदी मोडली, अलंग-मदनसारख्या गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. हत्यार चालवता येणारी शेकडो माणसं एका झटक्यात बिनपगारी झाली. १८२९-३० च्या उठावात रघोजीचे वडील रामजी होते ते याच कारणाने.

आता हरले कशाने? दाण्याने. हिशेब करा. पन्नास माणसांची टोळी, माणशी रोज अर्धा-पाऊण किलो नागली-वरई. दिवसाला तीस किलो, महिन्याला नऊ क्विंटल. डोक्यावर वीस-बावीस किलो बसतात, म्हणजे महिन्याला चाळीस खेपा. या चाळीस खेपा कुठल्या तरी वाडीतून निघतात, आणि वाडीत पाटील असतो. इंग्रज अधिकारी कड्यावर चढून लढत बसलेच नाहीत. वाडीत चौकी बसवली, बायकापोरांना अटकेत टाकलं, खबऱ्याला बक्षीस लावलं आणि एप्रिलची वाट बघितली. एप्रिलमध्ये पानझड झालेली असते आणि डोंगरात पाणी मोजक्याच टाक्यांत. टाक्यापाशी आठ शिपाई बसले की झालं. रघोजी शेवटी सापडले ते पंढरपूरला, जानेवारी १८४८ मध्ये, कुठल्याही लढाईविना. यात धनुष्यबाण कुठे आला?

मुंबईचा_बाप्या
कोळी लोक डोंगरात काय करत होते पण? वरळी, माहीम, वेसावे ठाऊक आहे.

अकोलेकर_भांडुप
आलेच. दर वर्षी हा प्रश्न येतो. दर्यावरचे सोन कोळी वेगळे, सह्याद्रीतले महादेव कोळी वेगळे. त्यांची होडी नसते, भातखाचर असतं. राजूर मुंबईपासून एका दिवसात जाऊन यायच्या अंतरावर आहे आणि तिथल्या माणसाबद्दल शहराला एवढीच माहिती. हरिश्चंद्रगडावर शनिवार-रविवार तंबू ठोकायला मात्र सगळे हजर.

मुंबईचा_बाप्या
विचारलं तर एवढं? बरं, कळलं.

कोरडीदारू
घाटमाथा, दाण्याचा हिशेब चोख आहे, पण हत्यार गौण होतं हे पटत नाही. तुम्ही १८४५ बघताय. त्याच सुमारास कंपनीच्या पलटणींत गारेच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकीच्या जागी टोपीची (घोडा टोपीवर आपटून उडणारी) येऊ लागली होती. हा फरक पोस्टवाल्यालाही माहीत नाही आणि तुम्हीही वगळलात.

तोड्याच्या बंदुकीत काय काय लागतं बघा. नळीत दारू, वर गोळी, गजाने ठासणं. कानात, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकापाशी, वेगळी बारीक रंजक, म्हणजे पेटवणीची दारू. मग पेटता तोडा चापात अडकवून त्याचं टोक फुंकून लाल ठेवायचं. चाप ओढला की तोडा रंजकीवर. रंजक ओली असेल तर काहीच नाही. रंजक पेटली पण भोक काजळीने बुजलं असेल तर नुसता भपकारा, आणि तुम्ही कुठे बसलाय ते समोरच्याला कळलं. रात्री तोड्याचं लाल टोक लांबून दिसतं, वास वाऱ्याबरोबर खाली जातो. दबा धरून बसणाऱ्याला यापेक्षा वाईट हत्यार नाही. टोपीच्या बंदुकीत ना रंजक उघडी, ना तोडा. बोंडीवर तांब्याची टोपी बसवा, घोडा पाडा, बार उडाला. सह्याद्रीत चार महिने पाऊस. एवढ्या एका टोपीने डोंगरवाल्यांचा पावसाळा काढून घेतला.

घाटमाथा_ठाणे
पावसाळ्यात पलटण घाट चढणार कशी? तोफेचे बैल चिखलात, शिपाई तापाने आडवे. टोपी कोरडी राहील हो, शिपाई राहायला हवा ना.

खानदेशी_कल्याण
तुम्ही दोघं बंदुकीतच अडकलात. पावसात चालणारं हत्यार भिल्लांकडे होतंच. कामठा बांबूचा आणि दोरी पण बांबूच्या सालीच्या पट्टीची. तातेची (आतड्याची) दोरी भिजली की सैल पडते, ही पडत नाही. टप्पा पन्नास-साठ पावलं, पण सातपुड्याच्या झाडीत त्यापुढचं दिसतं कुणाला? गारेच्या बंदुकीचे कसलेल्या हाताने मिनिटाला तीन बार, तेही उभं राहून. तिरकामठ्याचे तेवढ्यात सहा-सात तीर जातात. आवाज नाही, धूर नाही. पाठीवर तीस तीर असले तर दारूगोळ्यासाठी बाजाराचं तोंड बघावं लागत नाही, फक्त पातं लोहाराकडचं.

आणि बाण म्हणजे हार असं समीकरण मांडणाऱ्यांनी केरळातलं वायनाड वाचावं. ऑक्टोबर १८०२, पनमरम. इंग्रजांशी लढणाऱ्या पळशी राजाच्या बाजूचे कुरिचिया आदिवासी धनुर्धारी, सुमारे दीडशे. तलक्कल चंदू पुढे. चौकीतले सत्तरेक शिपाई मारले आणि ११२ बंदुका घेऊन गेले. बाणांनी बंदुका मिळवल्या!

कोरडीदारू
पहाटे बेसावध चौकीवर घातलेल्या एका छाप्यावरून सिद्धांत? तो छापा काठ्यांनीही जमला असता. उघड्यावरचं बोला. ९ जानेवारी १९००, सैल रकब. बिरसा मुंडाची माणसं टेकडीवर, हातात तीर आणि कुऱ्हाडी. खाली सरकारी रायफली. पन्नास पावलांचं हत्यार तीनशे पावलांवरच्या माणसाला काय करणार? लोक तिथेच टिपले गेले. ‘झाडी होती म्हणून’ हे तिथे चालत नाही.

खानदेशी_कल्याण
टेकडीवर बायकापोरांसकट जमावाने बसले हा डावपेचाचा दोष झाला, कामठ्याचा नाही. आणि १९०० चं उदाहरण देताना मधली पायरी का गाळली? १८७८ चा हत्यारबंदी कायदा. त्यातल्या ‘हत्यार’च्या व्याख्येत तलवार-भाल्याबरोबर धनुष्यबाणही घातलाय. निरुपयोगी वस्तूला कुणी कायद्यात जागा देत नाही.

कोरडीदारू
कायद्यात भाल्याचं पातंही आहे. म्हणून भाला रायफलीला भारी होत नाही. वकिली बास.

खानदेशी_कल्याण
वकिली तुम्ही सुरू केलीत, मधल्या वर्षांवर पांघरूण घालून.

परळवासी
भांडा सावकाश. पोस्टचा दुसरा मुद्दा कुणी घेणार आहे का? भांडण सावकाराशीच होतं, यात खोटं काय? १८४४-४५ ला नाकं कुणाची कापली? सावकारांची. होन्या केंगल्या या महादेव कोळ्याच्या बंडाच्या वेळी, १८७३ ते ७६, पुन्हा तेच. कलेक्टरचं नाक कुणी कापलेलं नाही. आज प्रत्येकाला स्वातंत्र्यसैनिक ठरवायची घाई झालीय. एखादा माणूस कर्जाविरुद्ध लढला असेल तर ते लढणं कमी प्रतीचं होतं का?

अकोलेकर_भांडुप
शेवटचं वाक्य मान्य, आधीची सगळी अमान्य. सावकार पेशवाईतही होताच. तेव्हा तो खातं ओढत ओढत न्यायचा, कारण जमीन काढून घेणं त्याच्या हातात नव्हतं. इंग्रजी अमलात सारा रोख आणि ठरलेल्या हप्त्याला. पीक खळ्यावर यायच्या आत हप्ता आला की सावकाराकडे जा, कोऱ्या स्टॅम्पावर अंगठा दे. पुढे तो दिवाणी कोर्टातून हुकूमनामा आणतो, समन्स घेणारा डोंगरात, तारखेला हजर कुणी नाही, एकतर्फी निकाल. जप्तीला येतो तो कोर्टाचा बेलीफ, मागे पोलीस. सावकाराच्या हातातलं हत्यार सरकारनेच दिलेलं. म्हणून तर नाकाबरोबर दस्तऐवजही जायचे. नुसता राग असता तर नाकावर भागलं असतं.

होन्याला धरायला फौजफाटा आणि डोक्यावर १,००० रुपयांचं बक्षीस कुणी लावलं? सावकारांच्या पंचायतीने नाही.

परळवासी
सावकाराला पाठीशी सरकार होतं हे मी कधी नाकारलं? पण लढणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोण होतं ते बघा. तुम्ही आजचा नकाशा त्याच्या हातात देताय.

खानदेशी_कल्याण
खाज्या नाईकाच्या डोळ्यासमोर कोण होतं मग? सेंधव्याच्या घाटात आग्रा रस्त्याची राखण करणारा माणूस, सरकारी चाकरीतलाच. १८५७ च्या नोव्हेंबरात याच रस्त्यावर सुमारे ७ लाखांचा सरकारी खजिना लुटला. तो खजिना सावकाराचा होता का? ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीची लढाई. पकडलेल्यांपैकी कित्येकांना जागच्या जागी लष्करी कोर्ट भरवून गोळ्या घातल्या आणि चारएकशे बायका कैद केल्या. कर्जाच्या वसुलीसाठी असं करत नाहीत.

परळवासी
खाज्या नाईक दिला तुम्हाला. घ्या. होन्या मी सोडत नाही.

घाटमाथा_ठाणे
मूळ मुद्द्यावर येतो, कारण सगळ्यात कडू गोष्ट अजून कुणी काढलीच नाही. हत्यार आणि दाणा यांच्याही वर एक कारण आहे: डोंगर ओळखणारी माणसं इंग्रजांनी डोंगरातूनच उचलली. खानदेशात १८१८ पासून सात वर्षं घाट अडवून, दाणा तोडून भिल्ल आटोक्यात आले नाहीत. १८२५ ला आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. नियमित पगार, गणवेश, जुने गुन्हे माफ. त्यानंतर पाठलाग करणाऱ्याला प्रत्येक पाणवठा पाठ होता.

आणि रघोजींनंतर? नऊ वर्षांनी, डिसेंबर १८५७ मध्ये, नटॉल या इंग्रज अधिकाऱ्याने सहाशे महादेव कोळ्यांची पलटण काढली. कशासाठी? सिन्नरकडच्या भागोजी नाईकाच्या भिल्लांवर सोडायला. भागोजी स्वतः आधी पोलिसात होता, नांदूर शिंगोट्याला ऑक्टोबरात पोलीस अधिकारी हेन्रीला मारून उठला होता. म्हणजे भिल्लांवर कोळी, कोळ्यांवर पोलीस, पोलिसांतून पुन्हा बंडखोर. १८६१ च्या मार्चमध्ये काम संपल्यावर ती कोळी पलटणही मोडली. भागोजीला १८५९ च्या नोव्हेंबरात मिठसागरला गाठून मारणारा फ्रँक सूटर १८६४ पासून मुंबईचा पोलीस कमिशनर. या शहराची पोलीस व्यवस्था बसवणारा माणूस डोंगरातल्या शिकारीवर तयार झालेला होता. हे पाट्यांवर लिहीत नाहीत.

अकोलेकर_भांडुप
हे लिहिताना सूर जरा सांभाळा. ‘आपल्याच माणसांनी घात केला’ असं लगेच कुणीतरी उचलेल. पलटणीत गेलेल्या माणसाकडे पर्याय काय होता? राखणीचं वेतन बंद, जमीन गहाण, वर १८५७ चं वर्ष. पलटणीत नाव नसलेला हत्यारबंद कोळी म्हणजे संशयित. पगारही आणि अभयही एकाच ठिकाणी मिळत होतं.

घाटमाथा_ठाणे
घात हा शब्द मी वापरलेला नाही. इंग्रजांची पद्धत सांगितली.

कोरडीदारू
पद्धत पटली. तरी माझं एक उरतंच. पलटणीतल्या भिल्लाला तिरकामठा देऊन ठेवला नाही, बंदूक आणि कवायत दिली. आउट्रमला काही कळत असेलच की. आणि आंध्रातल्या राम्पा डोंगरांतलं बंड घ्या: ऑगस्ट १९२२, अल्लुरी सीताराम राजूने तीन दिवसांत चिंतपल्ली, कृष्णदेवीपेठ, राजवोम्मंगी ही तीन ठाणी लुटली. काय नेलं? २६ बंदुका आणि अडीच हजारांवर काडतुसं. डोंगराळ माणसाला स्वतःला काय कमी पडतंय ते चांगलं माहीत होतं. त्या काडतुसांवर सप्टेंबरात दोन गोरे अधिकारी मारले, पण संपलेलं काडतूस जंगलात बनत नाही. मे १९२४ ला राजू मारला गेला.

खानदेशी_कल्याण
म्हणजे शेवटी माझंच म्हणताय. बनवता न येणाऱ्या गोष्टीवर लढाई उभी केली की ती पुरवठ्यावर अडते. तोड्याच्या दारूचंही तेच. शंभरात पंच्याहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. सोरा मातीतून काढता येतो, कोळसा घरचा. गंधक सह्याद्रीत कुठे आहे? बाजारातूनच आणायचं, आणि बाजार कुणाच्या ताब्यात? तिरकामठ्याला यातलं काही लागत नाही.

कोरडीदारू
बरं बाबा. झाडीत, पावसात, पन्नास पावलांच्या आत तिरकामठा भारी. ऑक्टोबर उजाडला की ठासणीची बंदूक. समाधान?

खानदेशी_कल्याण
साठ पावलं.

मुंबईचा_बाप्या
तो नटॉल म्हणजे कोण, यावर वेगळा धागा काढा कुणीतरी. आणि भांडुपकर, तंबूवाल्यांत मी नाही.