"एवढंच तर होतं!" ऐकलेल्या डायग्नोस्टिकवाल्यांनो, अनुभव लिहा

टूलबॉक्स आवरताना आज एक जुनी अर्थची पट्टी (इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी) हाताला लागली. गाडी मधूनच बंद पडायची, माझ्याकडे येईपर्यंत तीन सेन्सर बदलून झाले होते. दोन दिवस वायरिंग डायग्राम घेऊन बसलो. शेवटी स्टार्टर मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर धरला, तर ०.९ व्होल्ट! तिथं ०.२ च्या आत यायला हवं. पट्टी वरून चकचकीत, क्रिंपच्या (टोकाच्या दाबून बसवलेल्या जोडाच्या) आत हिरवी भुकटी. मालकांनी पट्टीचे पैसे दिले, दोन दिवसांचे नाहीत. "एवढंच तर होतं," म्हणाले. अजून बोचतं.

बोनेटखाली
आमच्याकडे ठरलेल्या तासांवर पगार. क्लच बदलायला तास आहेत, दोष शोधायला शून्य. म्हणजे पार्ट टाकत सुटणारा पुढे, विचार करणारा मागे. मी आता आधीच लिहून घेते: तपासणीचा एक तास, त्यात काय बघणार, पुढे जायचं तर फोन करून विचारणार. भांडणं खूप कमी झाली.

मीटरवाला
स्कॅनरवर पी०१७१ हा दोषाचा कोड दिसला की ऑक्सिजन सेन्सर बदलायचा, हे कोण शिकवतं? कोड फक्त मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी, एवढंच म्हणतो. फाटका व्हॅक्यूम पाइप असेल, फ्यूएल प्रेशर कमी असेल. सेन्सर बिचारा खरं बोलतोय आणि त्यालाच काढून टाकतात.

नवा_स्कोप
थोडं अवांतर, दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारा) पुरतो का?

मीटरवाला
क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टच्या सेन्सरचा सिग्नल एकत्र बघायला पुरतो. घे बिनधास्त.

रात्रपाळी
माझी चूक सांगतो. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला म्हणून नवा बसवला, दोष तसाच. ओबीडीच्या (स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये मोजायचंच राहिलं होतं. बॅटरी सोडून मोजलं तर ६० ऐवजी १२० ओहम, म्हणजे कॅनचं (गाडीतले कॉम्प्युटर जोडणाऱ्या तारांच्या जोडीचं) एक टोक तुटलेलं. मालकांना फोन करून सांगितलं, चूक माझी, ईसीयूचे पैसे परत करतो. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "गाडी राहू दे, नीट करा."

बोनेटखाली
असा फोन करायला धीर लागतो हो.

नारिंगी_वायर
ईव्हीवर (इलेक्ट्रिक गाड्यांवर) आल्यापासून माझं भांडण वेगळंच. सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा) काढला की कपॅसिटरमधला साठलेला चार्ज उतरेपर्यंत थांबायचं, मीटरवर शून्य बघायचं, मगच हात घालायचा. शॉकपासून वाचवणारे हातमोजे रोज हवा भरून तपासते, कुठं भोक नाही ना. वरून "अजून किती वेळ?" मी उत्तर देत नाही, मीटर दाखवते.

नवा_स्कोप
घेतो मग दोन चॅनेलचा. दादा, ती पट्टी टाकू नका, फोटो द्या ना.

धागाकर्ता
टाकत नाही. क्रिंप कापून उघडतो आणि शिकाऊ मुलांना दाखवतो. घरून हाका येतायत, फोटो रात्री.