प्रतिसाद: स्टेरॉइड लगेच का थांबवत नाहीत?

दृष्टिनाडीच्या (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) दाहावर अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी सुरू झाल्यावर रक्तातील साखर वाढवणारे स्टेरॉइड लगेच का बंद करू नये, असा प्रश्न वर आला आहे. या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला 3 ते 6 महिने लागू शकतात आणि तोवर दृष्टिनाडीचा दाह आटोक्यात ठेवण्याचा भार स्टेरॉइडवरच असतो; विशेषतः अ‍ॅक्वापोरिन-4 प्रतिपिंडे (दृष्टिनाडीवर हल्ला करणारी शरीराचीच प्रथिने) आढळलेल्या रुग्णात मात्रा घाईने उतरवली, तर पुन्हा आलेला झटका दृष्टी कायमची नेऊ शकतो. साखरेसाठी औषधे आहेत, गेलेल्या नजरेसाठी नाहीत. आपल्याकडे खरी ढिलाई होते ती रक्ततपासणीत. अझाथायोप्रिनमुळे रक्तातील पांढऱ्या पेशींची व यकृताची तपासणी सुरुवातीला वरचेवर लागते, पण ती उदगीर किंवा अंबाजोगाईच्या लॅबमध्येही होते, त्यासाठी दर वेळी संभाजीनगर गाठायला नको. युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण ते आणि अझाथायोप्रिन एकत्र घेतल्यास रक्तातील पेशी धोकादायक प्रमाणात घटतात.