बूड दबलं म्हणजे टायर धरतंय, हे कुणी सांगितलं?

उद्यमनगरचा_फिटर
ड्रॅगसाठी (उभ्या गाडीपासून सुटून सरळ पट्टीवर पळवायच्या शर्यतीसाठी) गाडी आणणाऱ्याचं पहिलं मागणं ठरलेलं: "मागचे पाटे मऊ करा, बूड बसलं पाहिजे." पाटे म्हणजे पानांच्या स्प्रिंगा, बूड म्हणजे गाडीची मागची बाजू. माझा याला सरळ विरोध आहे. अँबेसिडरच घ्या. चालकासह १२०० किलो धरा, व्हीलबेस २.४६ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमी. अर्धा जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मी) वेगवाढ मिळाली तर पुढून मागे जाणारा भार साधारण १३४ किलो. या हिशेबात पाट्याचा कडकपणा येतो कुठं? मऊ पाट्यानं गाडी जास्त बसते, भार जवळपास तेवढाच.

खरी गोची पाटा पिळण्यात आहे. क्लच सोडला की हौसिंगचं (मागच्या ॲक्सलच्या खोळीचं) नाक वर उठतं, पाटा पिळतो, झटक्यात सुटतो, परत पिळतो. चाकं थडाथडा उड्या मारतात. उपाय ट्रॅक्शन बार, म्हणजे पाट्याखालून पुढं जाणारा लोखंडी दांडा. हौसिंगखाली यू-बोल्टनं आवळायचा, पुढच्या टोकाला रबर. रबर बरोबर पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली (पाटा पुढं गाडीला अडकतो त्या टोकाखाली) यायला हवं. अलीकडं आलं तर बारच पाटा वाकवतो.

रंकाळा_४०२
हिशेब बरोबर, निकाल चुकीचा. भार किती ते ठरलेलं, पण तो टायरवर कसा येतो ते पाटे आणि शॉकॲब्सॉर्बर ठरवतात. तुमचा बार टायरला एकदम हाणतो. अमेरिकेत ड्रॅगच्या पट्टीवर चिकट रसायन फवारतात, तिथं ते पचतं. आपल्या नुसत्या डांबरावर टायर आधीच सुटणार. शिवाय बार बूड वर ढकलतो. मागचा शॉकॲब्सॉर्बर सैल असला तर पाटा भसकन उघडतो आणि त्याच टायरवरचा भार परत निघून जातो. ४०२ मीटरची शर्यत पहिल्या १८ मीटरातच गेली की ओ!

उद्यमनगरचा_फिटर
मग मागचे शॉकॲब्सॉर्बर उघडताना घट्ट ठेवा, पुढचे सैल. गाडीचं नाक पटकन उचललं पाहिजे. पण मऊ पाट्यानं चाकाच्या उड्या थांबतात का, तेवढं सांगा. विषय बदलू नका.

रंकाळा_४०२
अख्खा पाटा मऊ करा असं मी म्हणलोच न्हाय. क्रायस्लरनं १९६० च्या दशकात ड्रॅगसाठी पाटे काढले, त्यात पुढचा भाग आखूड आणि कडक होता. आपणही पुढच्या अर्ध्यातली पानं क्लॅम्पनं आवळायची, मागचा अर्धा मोकळा. पिळणं बरंच कमी होतं, धक्काही बसत नाही. बारला कशाला पैसे घालवायचे?

शिरोली_लेथ
काय राव, दोघं पाट्यातच अडकलाय. साधं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) असलेल्या गाडीत प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनचा जोर मागं नेणाऱ्या दांड्याच्या) पिळानं मागचं उजवं चाक हलकं पडतं आणि तेच फिरत बसतं. उजवीकडचं रबर पाट्याला टेकवून ठेवा, डावीकडं थोडी फट ठेवा. आणि अमेरिकन मापं आंधळेपणानं उचलू नका. त्यांचा चालक डावीकडं बसतो, आपला उजवीकडं. आपल्या उजव्या चाकाला तेवढंच फुकटचं वजन.

पन्हाळा_घाट
हे सगळं हौशी लोकांचं. आधी चांगले टायर घ्या, हवा थोडी कमी करून बघा. पाट्याच्या डोळ्यातले झिजलेले बुश तसेच ठेवून बार लावणाऱ्यांचा तर नादच करायचा न्हाय.

उद्यमनगरचा_फिटर
बुशचं मान्य. टायरचं अर्धं मान्य. चाक उड्या मारत असेल तर महागडं टायरसुद्धा हवेतच असतंय, आणि त्यात शाफ्टचा जॉइंट नाहीतर क्राऊन-पिनियन (हौसिंगमधली दातेरी चाकं) तुटतं.

शिरोली_लेथ
क्लॅम्प लावा नाहीतर बार, पिनियनचा, म्हणजे हौसिंगच्या नाकाचा, कोन कुणीच बोलला नाही. जोर आल्यावर नाक वर जाणारच, म्हणून उभ्या गाडीत ते शाफ्टच्या रेषेपेक्षा थोडं खाली ठेवायचं. हौसिंग आणि पाट्याच्या मध्ये पाचर बसवली की झालं. बारवाल्यांना कमी खाली चालतं, नुसत्या पाट्यावाल्यांना जास्त लागतं.

रंकाळा_४०२
पाचर आमच्याकडं आहेच. बार मात्र नाही म्हणजे नाही.