सोसायटीच्या टेबलावर बॉल एका जागी 'मरतो'. वरून मायका लावून भागेल का?

डावखुरा_डोंबिवली:
आमच्या इमारतीखालच्या स्टिल्टमध्ये टेबल टेनिसचं टेबल आहे, सुताराकडून करून घेतलेलं. वर 12 मिमीचं कमर्शियल प्लाय, त्यावर हिरवा ऑइलपेंट. गेल्या दोन पावसाळ्यांपासून गेटाकडच्या अर्ध्यात, नेटपासून हातभर अंतरावर, बॉल उसळतच नाही. सर्व्हिस मी मुद्दाम तिथेच टाकतो, हे कबूल. आता पोरं माझ्याशी खेळत नाहीत. कमिटी म्हणते ग्लॉसी मायका चिकटवू, स्वस्तात होईल. जमेल?

जुना_चॉपर:
मायका अजिबात नको रे बाबा. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये हा उद्योग आम्ही करून बसलोय. गुळगुळीत पृष्ठभागावर बॉल पकड न घेता घसरतो, टप्पा खाली राहतो. माझा चॉप (उलटी फिरकी दिलेला फटका) तर साबणावर पडल्यासारखा सरपटत जायचा. शिवाय ट्यूबलाइट थेट डोळ्यांत. नियमातसुद्धा पृष्ठभाग गडद आणि मॅट हवा असं आहे.

गंमत म्हणजे टेबल कशाचं असावं यावर बंधन नाही. लाकूड, सिमेंट, काहीही चालतं. अट एवढीच की 30 सेंमीवरून सोडलेला बॉल सगळीकडे सारखा, साधारण 23 सेंमी उसळला पाहिजे. तेव्हा आधी मोजा. शाळेची 30 सेंमीची पट्टी उभी धरा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करा. बॉल नवा घ्या, चिरलेला बॉल कुठेही मरतो.

तुमच्याकडे मूळ दुखणं जाडीचं दिसतंय. क्लबातली चांगली टेबलं 25 मिमीची असतात. फळी बारीक असली की टप्प्याबरोबर ती स्वतःच लवते, थरथरते आणि बॉलचा जोर खाऊन टाकते. जाडी दीडपट केली की ताठपणा तिपटीहून जास्त वाढतो. म्हणजे 12 च्या जागी 18 टाकलं तरी फरक हाताला कळेल. वर दीड मिलिमीटरचा मायका चिकटवून फळीचं लवणं कसं थांबणार?

कोकणी_स्पिन:
आमच्या शाळेच्या मैदानात सिमेंटचं टेबल होतं. टप्पा खणखणीत, पण पृष्ठभाग खरबरीत. टॉपस्पिन (पुढे फिरकी दिलेला फटका) पडला की बॉल अंगावर यायचा. बॉल आठवडाभरात खरवडून पांढरे पडायचे ते वेगळंच.

डावखुरा_डोंबिवली:
काका, मोजलं. नवा बॉल, प्रत्येक जागी पाच वेळा. पायांच्या वर 22, मधे 21, आणि 'त्या' जागी 16! बोटाने वाजवलं तर बाकी ठिकाणी ठक्, तिथे डब्ब.

जुना_चॉपर:
मग प्लायचे थर सुटलेत. पावसाचं पाणी उडतं ना तिथे? खालून लाकडी पट्टी ठोकून फळीचं लवणं कमी होईल, सुटलेले थर जुळायचे नाहीत. तो अर्धा भाग बदलावाच लागेल. पण एकच अर्धा 18 चा केलात तर दोन बाजूंना दोन टप्पे, म्हणून दोन्ही करा. कडासुद्धा रंगवायला सांगा, पाणी तिथूनच शिरतं. रंग मॅटच.

डावखुरा_डोंबिवली:
व्हिडिओ ग्रुपवर टाकला. सेक्रेटरी विचारतायत, "पट्टी सरळ धरली होतीस का?" रविवारी त्यांच्या हातात पट्टी देणार आहे.