मॅकडॉवेल काउंटी ओस पडली ती डोंगरामुळे की मालकीमुळे?

डोंगरवाट:
अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला मॅकडॉवेल काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, आहे. १९५० साली तिथे जवळपास ९९ हजार माणसं राहत होती, २०२० च्या जनगणनेत १९ हजार उरली. ॲपलेशियन डोंगरातल्या या गावांचा विषय निघाला की "कोळसा संपला, गावं संपली" असं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. कोळसा तिथे अजूनही निघतो, तोही पोलादाच्या भट्ट्यांना लागणारा चांगल्या प्रतीचा. संपली ती कामं. १९५० मध्ये जॉन एल. लुइस यांच्या कामगार संघटनेने मालकांशी करार केला. यंत्रांना आडकाठी नको, त्या बदल्यात पगारवाढ आणि आरोग्य-पेन्शन निधी. त्यानंतर कोळसा खरवडणारी यंत्रं खाणीत उतरली आणि माणसं शिकागो-डेट्रॉइटकडे निघाली. त्याआधीही घर कंपनीचं, दुकान कंपनीचं आणि बऱ्याच ठिकाणी मजुरीसुद्धा कंपनीच्याच टोकनांत मिळे. ज्याच्या नावावर अंगणही नाही, तो खाण बंद झाल्यावर कशाच्या आधारावर थांबणार?

घाटवळण:
मालकीचं म्हणणं मान्य, पण भूगोल असा झटकू नका. मी त्या भागातून गाडीने गेलो आहे. दोन्ही बाजूंना उभे चढ आणि तळाशी ओढा, रूळ, रस्ता, घरांची एकच रांग. स्थानिक लोक अशा दरीला 'हॉलर' म्हणतात. तिथे कारखाना काढायचा तर सपाट जमीन आणायची कुठून? वर पूर आला की सगळं त्याच तळाशी. याच राज्यातल्या बफेलो क्रीक दरीतला पूर आठवा.

डोंगरवाट:
बफेलो क्रीक तर माझ्याच बाजूने बोलतं. २६ फेब्रुवारी १९७२ ला तिथे जे फुटलं ते खाणीच्या गाळाचं धरण होतं, कंपनीने बांधलेलं. १२५ माणसं गेली. त्यालाही 'देवाची करणी' म्हटलं गेलं होतं! दरी अरुंद होती हे खरं, पण दरीच्या वरच्या टोकाला ते धरण दरीने बांधलं नव्हतं.

वणीकर:
माझे वडील कोलियरीत होते, म्हणून लिहितो. आमच्याकडे खाणीच्या कुंपणापलीकडे कापसाचं शेत असतं. एक भाऊ वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत) तर दुसरा शेतात, असं घर चालतं. हॉलरमध्ये परसातल्या भाजीपाल्यापलीकडे काय पिकणार? एवढ्यापुरता मी घाटवळण यांच्या बाजूने.

डोंगरवाट:
शेतीचा मुद्दा बिनतोड आहे, वणीकर. पण सपाट जमिनीचं म्हणाल तर डोंगराचे माथे सुरुंगाने उडवून कोळसा काढलेल्या सपाट जागा त्या पट्ट्यात पुष्कळ आहेत. तिथे का नाही कारखाने उभे राहिले?

घाटवळण:
कारण ती जमीन नव्हे, भराव आहे. फोडलेला दगड वर्षानुवर्षं खचत राहतो. पाणी आणि मोठा रस्ता दोन्ही खाली दरीत. माथा सपाट केला तरी ती जागा डोंगरावरच राहते ना?