मदत हवी आहे : दिवसभर कॉल, बजेट दोन हजार, नेकबँड इअरफोन (मानेत अडकवायचा) घेऊ की टीडब्ल्यूएस (दोन सुटे वायरलेस बड)?

रोज चार-पाच तास कॉल असतात. निम्मे ऑफिसात लॅपटॉपवर, बाकीचे विरार लोकल, अंधेरीचा पूल आणि रिक्षा. गाणी ऐकत नाही. मला समोरचा नीट ऐकू येतो, त्याला मी नाही. खोक्यावर ‘एएनसी’ (गोंगाट कमी करणारी सोय) लिहिलेलं मॉडेल घेतलं तर प्रश्न सुटेल का?

प्रतिसाद १
नाही सुटणार. एएनसी तुमच्या कानासाठी असतं. तुमच्या आवाजातला गोंगाट गाळायचं काम ईएनसीचं, आणि तेही माइक कुठे बसवलाय यावर अवलंबून. टीडब्ल्यूएसचा माइक कानाशी, तोंडापासून लांब. गाडीचा खडखडाट वाढला की सॉफ्टवेअर गोंगाटाबरोबर तुमचे शब्दही कापतं. ‘पाण्याखालून बोलतोयस का?’ असं समोरचा विचारतो ते यामुळेच.

तुमच्या वापराला नेकबँड. बॅटरी साधारण १५० ते २५० एमएएच, टीडब्ल्यूएसच्या एका बडची ३० ते ५०. खोक्यावरचे ‘४० तास’ गाण्यांचे असतात, टॉकटाइम वेगळा विचारा. नेकबँडचा माइक कॉलरला किंवा ओढणीला घासला की खरखर होते, तो मोकळा ठेवा. टीडब्ल्यूएसच हवं असेल तर एक बड कानात, दुसरा चार्जिंगच्या डबीत (केसमध्ये), असं आलटून पालटून. एक कान उघडा राहिला की आपण ओरडून बोलत नाही, हा वरचा फायदा. ड्रायव्हरचा (आतल्या स्पीकरचा) आकार, बास, गेमिंग मोड यांचे पैसे देऊ नका.

प्रतिसाद २
एलडॅक, एएसी हे कोडेकही (ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायच्या पद्धती) कॉलला कामाचे नाहीत. कॉल हँड्सफ्री प्रोफाइलवर (ब्लूटूथच्या कॉलसाठीच्या वेगळ्या मार्गाने) जातो. तिथले कोडेक वेगळे: जुना सीव्हीएसडी ८ किलोहर्ट्झचा, एमएसबीसी १६ किलोहर्ट्झचा. दुसऱ्यात आवाज खूपच स्वच्छ. पण फोन आणि इअरफोन दोघांनाही तो चालायला हवा.

मीटिंग सुरू होताच लॅपटॉपवर आवाज डबड्यातून आल्यासारखा होतो, तेही याच प्रोफाइलमुळे. माल खराब नसतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये स्पीकर इअरफोनचा आणि माइक लॅपटॉपचा निवडा, आवाज सुधारतो. फोन आणि लॅपटॉप एकाच वेळी जोडायचे तर ‘मल्टिपॉइंट’ आहे का ते विचारा. काही मॉडेलं दोन उपकरणं नुसती लक्षात ठेवतात, जोडतात एकच.

प्रतिसाद ३
माझं मत वायरवाल्याला. माइक तोंडाजवळ, चार्जिंगची कटकट नाही.

प्रतिसाद १
ऑफिसात मान्य. सकाळच्या विरार लोकलमध्ये वायर दुसऱ्याच्या बॅगेला अडकून त्याच्याबरोबरच बोरिवलीला उतरेल.

मूळ प्रश्नकर्ता
लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाणार आहे. दुकानात तपासायचं काय?

प्रतिसाद १
दुकानातल्या शांततेत सगळेच चांगले वाटतात. फोनला जोडा, दुकानदाराला सांगून फुटपाथवर या आणि खरा कॉल लावा. निकाल पलीकडच्याला विचारायचा. व्हॉइस रेकॉर्डरवर विसंबू नका, बरीच ॲप फोनचाच माइक वापरतात. मग फोन मागच्या खिशात ठेवून मान दोन्हीकडे वळवा. तुटक ऐकू आलं तर ते मॉडेल सोडा; शरीर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अडवतं, आणि गर्दीत तर चहूबाजूंनी शरीरंच. टेबलफॅनसमोर उभं राहून एक मिनिट बोललात की रिक्षातल्या वाऱ्याचा अंदाज येतो.

खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक बघा आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. तिथे दिसणारा ब्रँड खोक्यावरच्या ब्रँडशी जुळला नाही तर नकली असण्याची शक्यता धरा. जीएसटी बिल घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी वाद.

मूळ प्रश्नकर्ता
आणि पाऊस, घाम?

प्रतिसाद २
आयपीएक्स४ (पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) म्हणजे शिंतोडे, मुसळधार नाही. शिवाय हा आकडा बहुधा बडचा असतो, केसचा नाही. टीडब्ल्यूएस घेतलं तर घामट बड तसेच केसमध्ये टाकू नका, चार्जिंगची सोनेरी टोकं गंजतात आणि एक बाजू चार्ज होणं थांबतं. कोरड्या कापडाने पुसा. जाळीत मळ साचून एका कानाचा आवाज बसला तर मऊ कोरडा ब्रश, टोकदार काही नको.