सेंट्रल व्हॅक्यूम: मोटर बदलू की आधी पाइप बघू? मदत हवी आहे

घर घेतलं तेव्हापासूनच सेंट्रल व्हॅक्यूम (अख्ख्या घराला एकच व्हॅक्यूम क्लीनर) आहे: भिंतीत 2 इंची पाइप, मोटरचं युनिट गॅरेजमध्ये. आता वरच्या मजल्यावर ओढच राहिली नाहीये, होज लावला की नुसतं घुंऽऽ आणि कुत्र्याचे केस गालिच्यावर तसेच! फिल्टर धुतला, डबा रिकामा केला, खालच्या मजल्यावरच्या सॉकेटला (भिंतीतलं होज लावायचं तोंड) मात्र ओढ झकास आहे म्हणजे मोटर ठीकच असणार ना? मला वाटतं वरच्या एल्बोत (पाइपच्या वळणात) केसांचा बोळा बसलाय (मागे एक मोजा पण गायब झालाय, असो). भिंत न फोडता कसा काढायचा, दुसरा व्हॅक्यूम लावून उलटा ओढला तर निघेल का? आणि फिरत्या ब्रशचं हेड घ्यायचंय, पण सॉकेटमध्ये फक्त 24 व्होल्टची वायर आहे, मग शेजारच्या प्लगला जोडायचा होज चालेल की नवीन वायरिंग करावं लागेल? कुणी केलंय का?